पिसिलाच्या मांडीवरचे दात

लेसिएलीला बोलायला सांगा, गायला सांगा, बारा पोरांना एका दमात झोपवायला सांगा. पण पुढ्यात कागद आला की तिचा चेहरा पडतो. टोंगाहून ऑकलंडला येऊन तिला एकवीस वर्षं झाली, त्यातली सतरा आमच्या मांगेरेच्या नर्सरीत गेली. मी तिथे स्वयंपाक करते. त्यामुळे कागदांबद्दलची तिची सगळी रड मला कांदा चिरता चिरता ऐकावी लागते.

त्या मंगळवारी सकाळी दहाला ती पिसिलाचा लंगोट बदलत होती. पिसिला चौदा महिन्यांची, मांड्यांना इतक्या वळ्या की पावडर कुठे लावली आणि कुठे राहिली तेच कळत नाही. लेसिएलीने थंडीची जाड विजार खाली ओढली आणि ओरडली, "अगं बाई! हिला कोण चावलं?"

उजव्या मांडीवर दातांचे दोन अर्धगोल उमटले होते, चांगले जांभळे. पिसिला मात्र खिदळत होती.

आमच्याकडे पोराला लागलं की फॉर्म भरायचा आणि घरी फोन करायचा. कुणामुळे लागलं ते पालकांना सांगायचं नाही, पण ऑफिसच्या कागदावर लिहायचं. आणि नाव तर सगळ्यांच्या जिभेवर होतंच. फर्गस! अडीच वर्षांचा, लाल केसांचा, महिन्याभरात दोघांना चावलेला. तिसऱ्यांदा चावला तर त्याला इथे ठेवता येणार नाही, असं पत्र त्याच्या आईला गेल्याच आठवड्यात गेलं होतं. ही ब्रॉन्विन विमानतळावर प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे भरते, एकटी आहे, आणि पहाटे सहाला पोर घेणारी दुसरी नर्सरी जवळपास नाही.

आमची मुख्य बाई गिलियन फॉर्म घेऊन आली. "लिही लेसिएली, दुसरं मूल चावलं."

"मी पाहिलं नाही."

"अगं, पण त्याच्याशिवाय कोण असणार?"

"पाहिलंच नाही तर लिहू कशी?" असं म्हणून तिने रकान्यात खरंच लिहून टाकलं, 'कोणी पाहिलं नाही. माहीत नाही.' सतरा वर्षांत इतका झटपट फॉर्म तिने कधी भरला नव्हता.

गिलियनने कपाळावर हात मारला. "हे मी वर कुणाला दाखवू?"

"थांब जरा," लेसिएली म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "चीजचे काप आण गं."

पहिला काप फर्गसने अख्खा गिळला आणि "अजून!" म्हणाला. दुसरा आम्ही एक चावा होताच हिसकावला आणि पिसिलाच्या मांडीजवळ धरला. पोराचं तोंड एवढंसं, मांडीवरचा चावा त्याच्या दुप्पट. शिवाय मांडीवरच्या खुणेत वरच्या ओळीत एका दाताची जागा रिकामी.

"हे मोठ्या माणसाचं तोंड आहे," लेसिएली म्हणाली. आपण काय बोललो ते तिला मग कळलं. खोलीत मोठी माणसं तीनच होती. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागलो.

गिलियन शिस्तीची बाई. "प्रत्येकीने चावायचं," ती म्हणाली, "मीसुद्धा." मग तीन घोडम्या बायका ओळीत उभ्या राहून चीज चावू लागल्या आणि पोरं भोवती टाळ्या पिटू लागली. माझ्या चाव्याची रुंदी बघून लेसिएली म्हणाली, "तू चावली असतीस तर पोर शिल्लक राहिलं नसतं." हसता हसता माझं चीज नाकात गेलं. गिलियनचे खालचे दात वाकडे निघाले आणि ती लाजून लाल झाली. पण फट कुणालाच नव्हती.

शेवटी पिसिलाच्या घरी फोन केला. आजोबांनी उचलला आणि दहाव्या मिनिटाला ते दारात हजर. पेनिसिमानी आजोबा म्हणजे दार भरून टाकणारा माणूस. नर्सरीने बोलावलं म्हणून मान राखायला टोंगाच्या रीतीप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून आले होते. ती चटई बघून लेसिएली आणखीच शरमली.

"आजोबा, पिसिलाच्या मांडीला लागलंय. कसं ते आम्हाला कळलेलं नाही. माफ करा."

म्हाताऱ्याने मांडी निरखली. नातीला उचललं. "कोण चावलं माझ्या राणीला? कोण? कोण?" असं लाडाने म्हणत म्हणत, निव्वळ सवयीने, त्याच मांडीला तोंड लावून त्याने गुर्रर्र केलं. पिसिला किंचाळून हसली.

म्हातारा थबकला. हळूच तोंड बाजूला घेतलं.

"सकाळी... विजार चढवताना," तो म्हणाला, "जरा जोरात लागलं की काय?" बोलताना त्याची पुढची फट आम्हा तिघींना स्वच्छ दिसली.

लेसिएली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, माझ्या आजीने मला असंच चावून चावून मोठं केलं, आणि मलाच हे सुचू नये! लाज नाही वाटत तुम्हाला, आजोबा?"

"पोरी, आधी ती मांडी बघ, मग मला बोल. बरं बाई, यापुढे नुसती हुंगेन."

फॉर्मवर लेसिएलीने लिहिलं, 'आजोबा. प्रेमाने.' गिलियन म्हणाली, 'प्रेमाने' खोड. लेसिएलीने खोडलं नाही, आणि म्हाताऱ्याने खाली ऐटीत सही ठोकली. आम्ही दुपारपर्यंत हसत होतो.

दोनला ब्रॉन्विन आली, डोक्यावर कामाची जाळीची टोपी तशीच. आम्हा तिघींना एकत्र उभं बघितलं, गिलियनच्या हातातला फॉर्म बघितला आणि तिचा चेहराच असा झाला की आमचं हसू थांबलं. काही न विचारता ती खुंटीकडे गेली आणि फर्गसचं जाकीट, बूट, पांघरूण पिशवीत भरू लागली.

"या वेळी ज्याला चावला त्याला फार लागलंय का?" तिने पाठमोरीच विचारलं. "मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागेन."

लेसिएलीने तिच्या हातातून जाकीट काढून घेतलं. "हा कागद दुसऱ्याचा आहे. तुझा पोरगा आज कुणालाही चावला नाही."

"खरंच?"

"खरंच."

ब्रॉन्विन पोरांच्या वीतभर खुर्चीवर बसली. जाळीची टोपी काढून तिने तोंडावर धरली आणि हसते की रडते ते आम्हाला कळेना. टोपी खाली घेत तिने विचारलं, "मग उद्या आणू त्याला?"

"नाही आणलंस तर मी येऊन उचलून आणीन," लेसिएली म्हणाली, आणि पिशवीतले बूट काढून परत खुंटीखाली ठेवले.