ओगाची एकुलती एक प्रिंट

ओगा कधी 'हॅलो' म्हणत नसे. समोरचा माणूस जे करत असेल, त्याबद्दल तो नमस्कार करी. योरुबा लोकांत तशीच रीत आहे म्हणे. बसलेल्याला बसण्याबद्दल, राबणाऱ्याला राबण्याबद्दल, कुडकुडणाऱ्याला थंडीबद्दल. अमेरिकेत एडिसन गावातल्या माझ्या व्हिडिओच्या दुकानात तो पहिल्यांदा आला, तेव्हा मी फोनवर एका सप्लायरशी भांडत होतो. फोन आपटला, तर समोर निळ्या झग्यातला एक धिप्पाड माणूस मान लववून काहीतरी म्हणाला.

"काय ते?" मी खेकसलो.

"भांडणाबद्दल नमस्कार," तो इंग्रजीत म्हणाला. "दमला असाल."

ओगा म्हणजे साहेब, मालक. नायजेरियात त्याची स्वतःची नाटक मंडळी होती, ट्रक घेऊन गावोगाव फिरणारी. पुढे त्याने एक सिनेमा काढला. नट तोच, दिग्दर्शक तोच, गाणीही त्याचीच. प्रिंट मात्र एकच निघाली. ती डब्यांत घालून तो नर्स असलेल्या भाचीकडे न्यू जर्सीत आला होता आणि शनिवारी दुपारी चर्चचे हॉल घेऊन आपल्या लोकांना दाखवत होता. प्रोजेक्टरची वायर घ्यायला म्हणून माझ्याकडे आला आणि मग येतच राहिला. मला तो 'मिस्टर कॅसेट' म्हणे.

त्याचा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चक्रावलो. फिरून फिरून प्रिंट जागोजाग तुटली होती, जोडताना तुकडे गळाले होते. नायक नदीत उतरला की एकदम बाजारातच दिसे. अशा ठिकाणी ओगा प्रोजेक्टर थांबवायचा, पडद्यापुढे यायचा आणि गळालेला प्रसंग स्वतः करून दाखवायचा. काखेत डमरूच्या आकाराचा ढोल असे. त्याच्या दोऱ्या आवळल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो. योरुबात सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, म्हणून तो ढोल चक्क बोलतो. ढोलाने विचारायचं, लोकांनी ओरडून उत्तर द्यायचं. सिनेमा अर्धा पडद्यावर, अर्धा ओगाच्या अंगात.

माझ्यातला दुकानदार जागा झाला. मी म्हटलं, "ओगा, याची टेप करू. उद्या प्रिंट पार मोडली तर काय कराल?"

"सिनेमा पाहुणा असतो," तो म्हणाला. "त्याला दारापर्यंत पोचवायला यजमानाने जावं लागतं. टेपमध्ये मी कुठे उभा राहू?"

मी हट्ट सोडणारा माणूस नाही. गॅस स्टेशनवर पेट्रोल भरण्यापासून सुरुवात करून मी दुकान उभं केलं होतं. इथल्या महाराष्ट्र मंडळातले डॉक्टर, इंजिनिअर मला अजून 'तो दुकानवाला' म्हणत. मी घासाघीस चालू ठेवली. दोनच कॉपी काढू. बरं, एकच. बरं, मास्टर टेप तुमच्याकडेच ठेवा. तो नुसता हसायचा. शेवटी मी तडकलो, "मी चोर वाटतो का तुम्हाला?" यावर तो उठून निघून गेला. ते निघून जाणं मला फार लागलं.

पुढच्या शनिवारी लग्नं-मुंजी शूट करायचा कॅमेरा खांद्यावर टाकून मी नेवार्कच्या हॉलमध्ये गेलो आणि मागच्या दाराशी उभं राहून सरळ शूटिंग सुरू केलं. वीसेक मिनिटं गेली. ओगा पडद्यापुढे आला, ढोल वाजवू लागला आणि त्याची नजर माझ्यावर पडली. थेट लेन्समध्ये बघत त्याने ढोलावर काहीतरी म्हटलं. अख्खा हॉल मागे वळून खो खो हसला. शेजारच्या बाईला मी विचारलं. हसू आवरत ती म्हणाली, "ढोल म्हणतोय, जेवायला बोलावलं, तर हा घरी भरून न्यायला डबा घेऊन आला!"

मी ताडकन बाहेर पडलो.

महिनाभराने तो दुकानात आला. मी मागच्या खोलीत होतो.

"अहो, ते आलेत," बायको आत येऊन म्हणाली.

"सांग, नाही म्हणून."

"तुमचा आवाज ऐकू गेलाय त्यांना."

"मग सांग, आवाज आहे, माणूस नाही."

तिने त्याला चहा दिला. तो काउंटरशी उभ्यानेच प्यायला आणि गेला. मायदेशी परत जातोय हे सांगायला आला होता, असं तिने मागाहून सांगितलं. मी म्हटलं, जाऊ दे.

दोन वर्षांनी त्याची भाची आली. ओगा तिकडे वारला होता. डबे पावसाळ्यात बुरसले, प्रिंटचे वेढे एकमेकांना चिकटून गेले होते. त्याचा आवाज, चेहरा, काहीच कुणाकडे उरलं नव्हतं.

"अंकल," ती खाली मान घालून म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही शूट केलं होतं ना?"

ती टेप मी पुसली नव्हती, बघितलीही नव्हती. दोघांनी दुकानातच लावली. नदी, बाजार, पडद्यापुढचा ओगा, लेन्समध्ये रोखलेली ती नजर, मग हशा. त्यापुढे चित्र उलटंपालटं झालं. रागाच्या भरात मी बटण बंद करायचं विसरलो होतो. माझे बूट, पायऱ्या, मग पार्किंग लॉटमधला नुसता बर्फ. उघड्या दारातून ढोल मात्र बारीक ऐकू येत होता.

"हे पुढचं कापून देतो," मी म्हटलं.

"थांबा." ती टीव्हीला कान लावून बसली. "सिनेमातलं नाहीये हे. तुम्हाला बोलावताहेत. परत परत तेच म्हणताहेत. मिस्टर कॅसेट, थंडी आहे, आत या."

तिच्या नातेवाइकांसाठी मी बर्फासकट कॉपी काढून दिल्या. मला तेव्हा ढोलाची भाषा येत नव्हती, हे खरं. पण ओगाने मराठीत हाक मारली असती तरी मी आत गेलो असतो का? नसतोच गेलो.