पांढऱ्या कापडातली बाई

तो पिक्चर आमचा अर्धाच राहिला. एक तरुण नन कंदील घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरते आहे आणि खाली, भिंतीकडे तोंड करून, दुसरी एक नन उभी आहे. ती आता वळणार, एवढ्यात अक्काच्या मानेत कळ उठली आणि मी टीव्ही बंद केला. नंतर लावू, म्हणाले.

अक्का माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यावर ती शिलाई मशीन घेऊन बसवकल्याणला माझ्याकडे राहायला आली. मी शाळेत मराठी शिकवते. माझे रविवार पुस्तकांत जायचे, तिचे असल्या पिक्चरांत. परदेशातले, हिंदीत डब केलेले, सैतान उतरवायचे. दुपारी पडदे ओढून ती ब्लाउजांना हुक लावत बघायची. भीतीची जागा जवळ आली की मान खाली घालायची आणि किंकाळी ऐकू आली की विचारायची, "गेलं का गं त्ये?" मी पुस्तकातून डोकं न काढता "गेलं" म्हणायचे. पुष्कळदा ते गेलेलं नसायचं.

हळूहळू मीही बघू लागले. मला भुतापेक्षा त्यांच्या धर्माचं कुतूहल होतं. आमच्या ओळखीत एकही कॅथलिक घर नाही. जे काही कळलं ते या पिक्चरांतून, आणि ते विचित्रच होतं. तिथला पाद्री सुरुवातीला श्रद्धा हरवून बसलेला असतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत ती त्याला सापडते. चर्च कायम अंधारं. तिथे कधी कुणी झाडू मारताना दिसत नाही. नन जेवत नाहीत, हसत नाहीत, त्यांचे हात बाह्यांत असतात आणि तोंडाभोवती ते घट्ट पांढरं कापड. क्रूस म्हणजे हत्यार, प्रार्थना म्हणजे मंत्र. सैतान दर पिक्चरात येतो. देव एकदाही येत नाही; त्याच्या नावाने एक घाबरलेला माणूस येतो.

हे मी अक्काला बोलून दाखवलं तर तिने दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, पेपर तपासायलीस का पिक्चर बघायलीस?"

मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आपल्यात असलं काय झालं तर कुणाला बोलवायचं गं?"

"स्वामींना."

"स्वामी येतील, पाय धुवून घेतील, जेवतील, सुपारी खातील. तवर भूतच कंटाळून जाईल." आणि स्वतःच हसत सुटली. "त्येंचं पाणी भुतावर शिंपडायचं, आपलं तीर्थ आपुनच प्यायचं. मंग भूत जाणार कसं?"

एक गोष्ट मात्र तिला त्या पिक्चरांतली पटायची. माणसाच्या गळ्यातला क्रूस निघाला की त्याचा घात होतो. "बघ," ती म्हणायची आणि हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी जायचा. आम्ही लिंगायत. लहानपणी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग अंगावेगळं करायचं नाही. पूजेला बसल्यावर तेवढं ते चांदीच्या डबीतून डाव्या तळहातावर येतं. आणि मग शेवटी: माणसाला बसवून पुरतात, कपाळाला विभूती लावतात आणि लिंग त्याच डाव्या हातात देतात. निजलेल्या माणसाच्या हातात लिंग असण्याचा आमच्यात एकच अर्थ होतो.

गळ्यातल्या कॅन्सरच्या गाठी वाढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की आता दुखणं हलकं करणं एवढंच उरलं आहे. बीदरला, नौबादच्या पुढे, कॅथलिक सिस्टरांचं एक घर आहे, तिथे असे पेशंट सांभाळतात. मी अक्काला सांगितलं. 

"तिकडं न्हेऊ नको मला."

"कामून? चांगलं सांभाळतात म्हणे."

"त्या कापडात तोंडच दिसत न्हाई गं. शेवटाला डोळे उघडले आणि समोर ती उभी असली तर?"

ती थट्टा करत नव्हती. चाळीस वर्षं मशीन मारलेली, नवऱ्याला एकटीने पोचवलेली बाई एका पिक्चरातल्या बाईला भीत होती. मी तिला दोन शब्द दिले: गळ्यातलं लिंग कुणालाही काढू देणार नाही, आणि त्या बायांच्या हाती तुला एकटी सोडणार नाही. दुखणं घरात आवरेना झालं, तेव्हा त्या दोन शब्दांवर ती गाडीत बसली.

सिस्टरांच्या घरात सहा खाटा होत्या. फरशी ओली पुसलेली, फिनेलचा वास, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या. आमच्या सिस्टर केरळकडच्या, साठीच्या. आमच्याशी सावकाश मराठीत बोलायच्या, मध्ये कन्नड. दोरी बांधलेला चष्मा, अंगात पांढरा झगा, आणि डोक्यावर ते कापड. पहिल्या दिवशी त्या खाटेजवळ आल्या तशी अक्काने डोळे मिटून घेतले आणि माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

औषधाने दुखणं कमी झालं, पण भास सुरू झाले. दुपारी मध्येच दचकून ती म्हणायची, "ती भिंतीकडं तोंड करून उभी हाय." तिथे सलाईनचा स्टँड असायचा, नाहीतर वाळत घातलेली चादर. कधी खरंच सिस्टर असायच्या, कपाटातून औषध काढत. मला त्यांना सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे आणि रोज जीभ उचलायची नाही. ज्या बाईने सकाळी माझ्या बहिणीचं अंग पुसलं, तिला कसं सांगायचं की ही तुम्हाला सैतान समजते आणि त्याचं कारण रविवारचे पिक्चर? शिवाय दुसरी एक शंका मी स्वतःशीही नीट बोलत नव्हते. सिस्टर खाटांमधून फिरताना ओठांत काहीतरी पुटपुटायच्या, बोटांत मण्यांची माळ. हे आमच्या अक्कावर काय म्हणतात? कशासाठी म्हणतात? मी शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली, आणि खुर्चीत बसून त्यांच्या ओठांवर पाळत ठेवत होते.

आठव्या दिवशी मला शाळेत रजेच्या कागदावर सही करायला जावं लागलं. अक्का झोपली होती. तिला न सांगता निघाले. येताना हुमनाबादला बस अर्धा तास थांबली, आणि तो अर्धा तास मी खिडकीच्या गजाला धरून बसले होते. पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते.

खाटेभोवती पडदा ओढलेला होता. मी तो बाजूला केला. अक्का उताणी निजलेली, डोळे मिटलेले. कपाळावर विभूतीचे पांढरे पट्टे. गळा मोकळा. डावा हात छातीवर, आणि त्या हातात लिंग. वरून सिस्टरांचा हात, दुसऱ्या हातात माळ, डोळे बंद, ओठ हलत होते.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. सिस्टरांचा हात धरून ओढला एवढं आठवतं. माळ तुटली नाही, पण खाली पडली. दोन्ही शब्द मोडले होते. ती गेली, मी नव्हते, आणि ज्या बाईला ती भीत होती तिनेच तिच्या गळ्यातलं काढलं होतं.

"हळू," सिस्टर म्हणाल्या. "आत्ताच झोप लागली आहे."

अक्काने एक डोळा उघडला. "कामून वरडायलीस गं? पिच्चर लागलाय का हितं?"

मी खाटेच्या कडेलाच बसले. मग अक्का थांबत थांबत सांगू लागली. गाठी सुजून दोरा मानेत काचत होता. जाग आली तर मी नाही. तिनेच सिस्टरांना खूण करून दोरा काढायला सांगितला. त्यांनी डबी उघडली आणि विचारलं, कुठल्या हातात? तिने डावा पुढे केला. मग तिला वाटलं, लिंग हातात आलंच आहे तर विभूतीही लावावी. ती माझ्या पिशवीत होती.

"उभं बोट ओढायल्या होत्या," अक्का म्हणाली. "मी म्हनलं, सिस्टर, आडवं. तीन बोटं."

सिस्टर ओशाळून हसल्या. खाली वाकून माळ उचलली आणि झग्याला पुसली. म्हणाल्या, आमच्यातही राख लावतात, उपासाचे दिवस सुरू होतात तेव्हा, कपाळावर क्रूस काढून. माणूस मातीचा आहे ही आठवण म्हणून. हाताला तीच सवय.

"मंग तुम्ही वरसातनं एकदाच लिंगायत व्हता म्हणा," अक्का म्हणाली, आणि त्या बाईला इतकं हसू आलं की चष्मा नाकावरून घसरला.

मी किती पिक्चर पाहिले असतील. त्यात राख कधी दिसली नव्हती.

त्या दिवसापासून अक्का त्यांच्या हातून पेज घेऊ लागली. दोरा मानेत घालता येईना, म्हणून लिंग दिवसभर हातातच असायचं. भास मात्र गेले नाहीत. उजेडात ती सिस्टरांशी थट्टा करायची. औषधाच्या गुंगीत त्यांचं ते कापड पुन्हा पिक्चरातल्या त्या दुसरीचं व्हायचं. हे मी अजूनही सिस्टरांना सांगितलं नव्हतं. आता सगळं चांगलं चाललं होतं, आणि बोलून ते मोडेल असं वाटायचं.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला शाळेतून फोन आला. वॉर्डात आवाज नीट येत नव्हता, म्हणून मी फाटकापर्यंत गेले. दहा मिनिटं, फार तर पंधरा. परत आले तर तेच दृश्य: विभूती, डाव्या हातात लिंग, वरून सिस्टरांचा हात. मागच्या खेपेची लाज ताजी होती. मी आवाज न करता खुर्ची ओढून बसले. अक्काकडे बघून थोडं हसलेही. ती एक डोळा उघडून काहीतरी लावून बोलेल म्हणून वाट बघत बसले.

 सिस्टरांचं काहीतरी वेगळं दिसत होतं आणि काय ते मला कळेना. मग लक्षात आलं की त्यांच्या डोक्यावर कापड नाही. ते खिडकीच्या कट्ट्यावर घडी करून ठेवलेलं होतं. आखूड कापलेले पांढरे केस, तेल लावून चापून बसवलेले. कानामागे जुन्या भाजल्याचा डाग. शेजारच्या कुठल्याही घरातली म्हातारी बाई. त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी अक्काच्या पायाला हात लावून पाहिला.

अक्काला आमच्या रीतीने बसवून पुरलं. स्वामी आले, लिंग डाव्या हातात दिलं. तेराव्या दिवसानंतर मी उरलेली औषधं परत द्यायला नौबादला गेले. सिस्टर कपडे वाळत घालत होत्या, डोक्यावर कापड नेहमीसारखं. मला एकच विचारायचं होतं, आणि गेल्या गेल्या विचारलं, नाहीतर पुन्हा जीभ उचलली नसती.

"घाबरली होती का?"

त्यांनी चादर झटकली, दोरीवर टाकली, चिमटा लावला.

"हो," म्हणाल्या. "डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून अंग चोरायला लागल्या. तुम्हाला हाक मारली. मी म्हणाले, फाटकाशी आहे, येते आहे. तरी माझ्या तोंडाकडेच बघत होत्या. तुमच्या त्या पिक्चरची गोष्ट मला त्यांनीच सांगितली होती. म्हणून हे कापड काढून ठेवलं."

"मग?"

"मग ओळखलं. म्हणाल्या, तुम्हीच व्हय."