आठव्या चौकटीतला वीरधवल

कराडच्या स्टँडमागं माझं झेरॉक्सचं दुकान आणि भिंतीला लागून वीरधवलचं फ्लेक्सचं. वाढदिवस असो की कुणाची निवड, इथला बोर्ड वीरधवलच्याच हातून जातो. हा माणूस आयुष्यात कुठल्याही क्लासला गेलेला नाही. बारावी नापास झाल्यावर एका प्रेसमध्ये मालकाच्या पाठीमागं उभा राहून डिझाइन शिकला. हात चांगला, पण कुणाला नाही म्हणायची ताकद अंगात नाही. गिऱ्हाईक म्हणालं नाक बारीक कर, की हा नाक बारीक करतो.

फ्लेक्सच्या धंद्यात एक रीत आहे. खाली फोटोंची ओळ असते, आणि तिथली एक चौकट रिकामी राहिली तर बोर्ड बोडका दिसतो. मग जवळच्या कुणाचा तरी फोटो तिथं बसवायचा. माझंही तोंड एकदा एका अनोळखी पुढाऱ्याच्या वाढदिवसाला महिनाभर चौकात लटकत होतं. बायकोनं चिडवून चिडवून नको केलं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ग्राफिक डिझाइनच्या एका क्लासचा बोर्ड आला. वर ठळक ‘नोकरीची हमी’, खाली ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’ म्हणून आठ चौकटी आणि फोटो सातच. क्लासवाले सर म्हणाले, तुझाच टाक की. वीरधवलनं टाकला. मी तिथंच चहा पीत होतो, आणि मूर्खासारखा हसलो.

आठवड्यानं नाथाजी मेजर आले. निवृत्त झाले सुभेदार म्हणून, पण आमच्याकडं पलटणीतून आलेला प्रत्येक जण मेजरच. त्यांची मुलगी उत्कर्षा अकरावी झालेली. तिला कला महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायची होती, आणि त्यासाठी सांगलीतल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांचा रविवारचा क्लास तिनं शोधून ठेवला होता. बोर्डावरचा कराडचा क्लासही रविवारचाच. दोन्हींतला एकच जमणार होता. चित्रं काढणं हे काम असतं, हेच मुळात मेजरांना पटत नव्हतं. पण चौकात त्यांना ओळखीचा चेहरा दिसला होता.

“तू हितंच शिकलास व्हय रं?” त्यांनी विचारलं. “बोर्डावर फोटो हाय म्हंजी रेकॉर्ड हाय. पोरीला घालू न्हवं ह्या लायनीत?”

क्लासवाले सर त्या वेळी आतच नवा बोर्ड तपासत बसलेले. वीरधवलनं माझ्याकडं बघितलं. मी मशीन चालू केलं आणि कागद मोजायला लागलो. त्याची मला आजही लाज वाटते.

“चांगला हाय मेजर,” वीरधवल म्हणाला.

वर्षभर उत्कर्षा रविवारी तिथं जाऊन लग्नपत्रिका आणि चमकणारी नावं करायला शिकली. वीरधवलचा जीव तुटायचा. ती नोट्स झेरॉक्स करायला आली की तो तिला स्टुलावर बसवून पेन्सिल द्यायचा, समोरची किटली काढ म्हणायचा. पण परीक्षेत नेमकं काय लागतं, हे त्यालाच कुठं ठाऊक होतं? तिनं काढलेली किटली तो नुसता बघत बसायचा.

परीक्षेत स्मरणचित्र आलं आणि पोरीचा हातच चालला नाही. प्रवेश हुकला. मग क्लासनं नोकरीची हमी पाळली. म्हणजे तिला वीरधवलच्याच दुकानात पाठवली.

पहिल्याच दिवशी, दुपारी गिऱ्हाईक नसताना, त्यानं मला बोलावून घेतलं. एकट्यानं सांगायचा धीर नव्हता. मग माझ्यादेखत तिला म्हणाला, “उत्कर्षा, मी त्या क्लासला कवाच गेलो न्हाई. फोटो उगंच टाकला हुता. माझ्यामुळं तुझी सांगली गेली.”

ती शांतपणे म्हणाली, “पयल्याच रविवारी कळलं हुतं मला, दादा. सर पोरांना सांगून हसत हुते.”

“मग मेजरांना का न्हाई सांगितलंस?”

“तुमचा फोटो बगून आबा ह्या लायनीला हो म्हणाले. त्यो खोटा हाय म्हटलं असतं, तर सांगलीबी न्हाई आन् कराडबी न्हाई. सरळ स्थळं बघितली असती.” मग म्हणाली, “तुमीबी आता आबांना बोलू नका. अजून लग्नाची बोलणी थांबल्यात, ती ह्या नोकरीमुळंच.”

वीरधवलनं मान डोलावली. दुसरं काही करण्यासारखं आम्हा दोघांच्याही हातात उरलं नव्हतं.