तिसऱ्या वळणाच्या आधी

मी शिकवते म्हटलं की लोकांना वाटतं शाळेत असेन. मग सांगावं लागतं, बाप्पा, शाळेत नाही, मी हाताला शिकवते. माणसापेक्षा उंच, सहा सांध्यांचा, रोबोचा लोखंडी हात. त्यानं कुठून निघायचं, कुठं वळायचं, किती वेगानं जायचं, हे एकेक बिंदू दाखवून त्याच्या डोक्यात भरावं लागतं. बुटीबोरीच्या एका कारखान्यात नऊ वर्षं मी अशा हातांना वेल्डिंग शिकवलं. तिथं माझा दरारा होता. जोडाची रेघ केसभर सरकली तरी मी कोणाला सोडत नसे, सुपरवायझरलाही नाही.

मग शहराबाहेर उभ्या राहत असलेल्या एका मनोरंजन पार्कात मला काम मिळालं. तिथं अंधारातली सफर बांधायची होती. काळोख्या दालनात मँगनीजच्या खाणीचा देखावा, चारही बाजूंना पडदे, आणि मधोमध असाच एक हात. फक्त हा माणसं बसवण्यासाठीच बनवलेला. त्याच्या मनगटाला दोन खुर्च्या. हात त्या खुर्च्यांना खाणीत उतरवणार, बोगद्यातून वळवणार, कोसळणाऱ्या दगडांमधून वर काढणार. साडेतीन मिनिटांचा खेळ. हात बनवणाऱ्या कंपनीनंच वेगाची हद्द कुलूपबंद केली होती, वाट आखायचं काम माझं. मी ते हसत घेतलं. म्हटलं, गाड्यांचे दरवाजे जोडणाऱ्या हाताला सरळ केलं, तर दोन माणसं फिरवायला असं काय लागतं!

माझे बाबा कळमेश्वरच्या एका पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचे. छताखाली रुळांवर धावणारी क्रेन, तिच्या पोटाला टांगलेली छोटी केबिन, आणि खाली साखळ्यांना लोंबकळणारं पत्र्याचं अवजड भेंडोळं. लहानपणी एकदा मी ते पाहिलं होतं. बाबांनी भेंडोळं इतकं हळू टेकवलं की जमिनीवरची धूळसुद्धा उडाली नाही. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना एक दिवस केबिनमधून उतरताना त्यांना शिडीवरच गरगरलं. डॉक्टर म्हणाले, कानातला तोल सांभाळणारा भाग बिघडलाय, जिवाला धोका नाही, पण पुन्हा वर चढायचं नाही. कारखान्यानं त्यांना गेटवर पास लिहायला बसवलं. घरात बाबा भिंतीला हात लावत चालायला लागले, आणि आईनं कसलंही काम सांगितलं की म्हणायचे, "मी आता कायच्याच कामाचा नाही. दुसऱ्याले सांग."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सणकायचं. मी भांडी आपटायचे, आईवर चिडायचे, कारण रडायला येत होतं आणि रडणं मला जमत नाही. बाबांच्या तोंडचं ते वाक्य जावं, एवढंच मला हवं होतं. पण कसं, ते मला कळत नव्हतं.

एका रविवारी आईनं मुद्दाम त्यांच्या हातात माझा डबा देऊन ऑटोत बसवलं, तेवढेच घराबाहेर पडतील म्हणून. तेव्हा आमच्या चाचण्या चालू होत्या. खुर्च्यांवर वाळूची पोती पट्ट्यांनी बांधून मी हात फिरवत होते. बाबा काचेमागं माझ्याशेजारी उभे राहून पाहत होते.

"पोत्याचं डोकं पाह्य वं," ते म्हणाले.

"काय पाहू?"

"तिसऱ्या वळणावर. हात थांबते, पण पोतं थांबत नाही. वरून झोक खाऊन राहिलं ते."

"बाबा, हे काही क्रेन नाही," मी म्हटलं. "इथं काही लोंबकळून नाही राहिलं. खुर्ची पक्की आहे, पट्टा पक्का आहे."

"बरं," बाबा म्हणाले, आणि डब्याचं झाकण उघडून माझ्यापुढं ठेवलं. माझ्या आवाजात जे होतं ते मलाच आवडलं नाही. पण मी काही ते परत घेतलं नाही.

पोत्यांनंतर आमचे तिघं तंत्रज्ञ बसले. तिघंही पांढरे पडून उतरले, दोघं तर थेट मोरीकडे पळाले. मी म्हटलं, सकाळी सकाळी तर्रीपोहे हाणून मशीनवर बसता आणि वर मशीनला नावं ठेवता! मग खुद्द मालक बसले. शांत माणूस. उतरून त्यांनी कठडा धरला, पाणी मागितलं आणि म्हणाले, "मॅडम, खाण काही मी पाहिलीच नाही. पूर्ण टाइम डोळे बंद करून बसलो होतो. दहा दिवसांत जमत असेल तर ठीक, नाहीतर बाहेरून माणूस बोलावतो."

मी स्वतः एकदाही बसले नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्या कामात रीतच तशी. शिकवणारा हात थांबवायच्या लाल बटणापाशी उभा राहतो आणि हात लांबून पाहतो. वेल्डिंगच्या हातावर कोण बसतं? नऊ वर्षांत तो विचारच कधी शिवला नव्हता. त्या संध्याकाळी मी पट्टा बांधून बसले. दोन वळणं गेली. तिसऱ्यावर पोट एकीकडे आणि मी दुसरीकडे. उतरल्यावर जमिनीवरच बसले आणि माझी चूक मला लख्ख दिसली. वेल्डिंगमध्ये कोपरा म्हणजे कोपरा, तो गोल केला की जोड वाया. मी माणसांनाही तशीच काटकोनात फिरवत होते आणि वर मिरवत होते.

पुढचे तीन दिवस मी सगळे कोपरे गोल केले. थोडा फरक पडला. तंत्रज्ञ म्हणायला लागले, "आता ठीक आहे मॅडम." पण त्यांच्या ठीकवर माझा विश्वास नव्हता. रोज बसून बसून त्यांची शरीरं निबर झाली होती, आणि माझंही तेच झालं होतं. मला असा माणूस हवा होता ज्याचा कान काहीच माफ करणार नाही. असा माणूस आमच्या घरात आहे, हे मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

रात्री जेवताना मी एवढंच म्हटलं, "बाबा, तुमचं बरोबर होतं. पोतं झोक खाते."

बाबांचा घास हातात राहिला. "मंग मले बसव," ते म्हणाले.

"डोकं फिरलं का तुमचं?" आई कडाडली. "घरात भिंत धरून चालता, अन् तिच्या मशीनवर बसता?"

"म्हणूनच तं. तिले असाच माणूस पाहिजे."

मी न बोललेलं त्यांना कळलं होतं. मी नाही म्हणायला हवं होतं, निदान डॉक्टरांना तरी विचारायला हवं होतं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही. हे बाबांसाठीच आहे, अशी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे अर्ध्याहून जास्त ते माझ्या नोकरीसाठी होतं, आणि हे लिहिताना आजही मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कारखान्यात आठवडाभराची रजा टाकली, आणि देखावा बांधणारे सुतार जेवायला गेले तेव्हा मी त्यांना बसवलं. हात जागीच थांबवणारं बटण त्यांच्या मुठीत दिलं. पाव वेगात एक फेरी नीट झाली. अर्ध्या वेगात तिसऱ्या वळणावर त्यांनी बटण दाबलं. उतरवेपर्यंत त्यांनी कसंबसं आवरलं, मग बादलीत ओकले. भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून ते अर्धा तास बसून होते. कपाळावर घाम. मी त्यांना ओढणीनं वारा घालत होते आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होते.

"बस झालं, बाबा. चला घरी."

"थांब नं," डोळे न उघडता ते म्हणाले. "अंधारात वळण दिसत नाही. डोळ्याले माहीत नाही, कानाले माहीत नाही, अन् अंग एकदम फेकल्या जाते. त्याले आधी सांग."

"कोणाले?"

"अंगाले. मी भेंडोळं वळवायच्या आधी त्याले जराकसा कल देत होतो. जिकडं जायचं तिकडं. मंग ते आपणच येत होतं मागून. हिसडलं की नाही येत."

मी पेंडंट हातात घेतलं. हाताला शिकवायची ती आमची पाटी. तिसऱ्या वळणाच्या अर्धा सेकंद आधी खुर्ची वळणाच्या दिशेला किंचित कलेल असे बिंदू घातले. दुसऱ्या दिवशी बाबा आले ते खिशात आलेपाक घेऊन. दिवसाला दोनच फेऱ्या, तिसरी नाही, असा मी दम भरला होता. "तुही माय बरी तुह्यापेक्षा," ते कुरकुरले, पण ऐकलं.

"अजून आधी," ते उतरून सांगायचे. मग, "आता लय आधी झालं, वळणाची वाट पाहा लागते." मी वैतागायचे. एकदा तर ओरडलेच, "बाबा, एक बिंदू हलवला की पुढचे सगळे हलवा लागतात!"

"मंग हलव," बाबा म्हणाले.

हलवले. काय करता! पाच दुपारी आमचं हेच चाललं. ते हवेत तळहात तिरका करून दाखवायचे, मी तो तिरकेपणा आकड्यांत बसवायचे. घरी ते ताट आणि वाटी घेऊन आईला समजावत बसायचे, ताट म्हणजे खाण, वाटी म्हणजे खुर्ची. आई म्हणायची, "आधी भाजी खा त्या खुर्चीतली."

पाचव्या दिवशी पूर्ण वेग ठेवला. माझा हात लाल बटणावर. साडेतीन मिनिटांनी खुर्ची खाली टेकली. बाबा उठले, क्षणभर उभे राहिले, आणि कशालाही न धरता पाण्याच्या माठापर्यंत चालत गेले. एक पेला प्यायले.

"आता चालते," ते म्हणाले.

मी उगाच पेंडंटची वायर गुंडाळायला लागले.

मालक पुन्हा बसले आणि या खेपेला त्यांनी खाण पाहिली. सरकारी तपासणी झाली. तपासणाऱ्यांनी सांगितलं, कोणी कोणी बसू नये याचा फलक दाराशी लागलाच पाहिजे. मजकूर मी लिहिला. गरोदर स्त्रिया, हृदयविकार, मानेचं दुखणं, पाठीचं दुखणं. पाचव्या ओळीला हात अडखळला. चक्कर येण्याचा त्रास असलेल्या व्यक्ती. लिहिलं. लिहायलाच हवं होतं, एका माणसाला घेऊन आम्ही जे केलं ते चार लोकांनी करू नये. पण बाबांना सांगायची माझी छाती झाली नाही.

पार्क उघडलं त्या पहिल्या दिवशी ते आईला घेऊन आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. रांगेत पुढं सरकत ते फलकापाशी आले आणि सावकाश, ओठ हलवत, सगळा वाचला. कंट्रोल रूमचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"काका, यातलं काही आहे का तुम्हाला?" गेटवरच्या मुलीनं विचारलं. ती प्रत्येकाला विचारत होती. मीच तिला तसं बजावलं होतं.

बाबांना नाही म्हणता आलं असतं. "आहे," ते म्हणाले. "पाचव्या नंबरचं."

"मग तुम्हाला नाही बसता येणार काका. सॉरी हं."

कारखान्यानं त्यांना क्रेनवरून खाली उतरवलं आणि आता मी. मी उठले, बाहेर जाऊन त्या पोरीला सांगणार होते की ही वाट यांनी आखली आहे. बाबांनी मला काचेतून पाहिलं आणि तळहात जमिनीकडे करून आडवा हलवला. क्रेनवाल्याला खालून करतात ती खूण, थांब म्हणून. मग ते रांगेतून बाजूला झाले आणि आईला म्हणाले, "तू बस."

"मी? मायवं!"

"बस म्हणतो नं."

आई एका अनोळखी कॉलेजातल्या पोरीशेजारी बसली, तिचा हात गच्च धरून. मी हात सुरू केला. बाबा बाहेरच्या बाकापाशी उभे होते. पडद्यामागचं त्यांना काही दिसत नव्हतं. ते डोळे मिटून मोटारीचा आवाज ऐकत होते, आणि कोणतं वळण चाललंय हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं.

आई उतरली. पदर सारखा केला.

"बाई बाई, काय ते खाण! दगड पडले तं मी ओरडलीच. डोळ्यासमोरून काजवे काय गेले, पाणी काय उडालं..."

"अन् तिसऱ्या वळणावर?" बाबांनी विचारलं.

"कोणतं वळण?" आई म्हणाली. "वळण होतंच कुठं?"

बाबा हसायला लागले. "ऐकलं का वं?" ते मला ओरडून म्हणाले, "वळण नोतंच म्हणते!" इतके हसले की बाकावर बसावं लागलं, आणि हसता हसता रडायला लागले. आई घाबरली. "काय झालं वं याइले?" म्हणून मला हाका मारत सुटली. मी काचेकडे पाठ करून ओठ चावत रडत होते. पुढच्या दोघांचे पट्टे लावून झाले होते आणि गेटवरची मुलगी विचारत होती, मॅडम, सोडायचं का?

सोड, मी म्हटलं.