बाबांची मिशी आणि दुर्बिणीचं ऑपरेशन

गेल्या मंगळवारी साडेआठला बाबांचं मेंदूचं ऑपरेशन होतं... आणि आठ वाजता बाबा मिशीवर अडून बसले.

त्यांच्या मेंदूच्या खाली, डोळ्यांच्या नसांना चिकटून एक गाठ वाढली होती. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. घरातल्याच दाराच्या चौकटीला रोज खांदा आपटून घ्यायचे. उशीर केला तर उरलेलं दिसणंही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

पण कवटी उघडायची नव्हती. नाकातून बारीक दुर्बीण घालून गाठ काढायची... आणि तेही आपल्या बालाघाटात. ही सोय इथे नुकतीच सुरू झालेली, म्हणून निम्मे नातेवाईक अजूनही "नागपूरले न्या" म्हणत होते. बाबांना कसंबसं तयार केलं होतं.

आणि गाडी अडली कुठे, तर सिस्टरच्या ट्रिमरपाशी. दुर्बीण नाकातून जाणार, म्हणून मिशी काढावी लागेल, एवढंच ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "माहा बाप जिता हाय. मी मिशी नाही काढत."

आमच्याकडे बाप गेल्यावरच मिशी उतरते. साठीला टेकलेल्या बाबांनी आजवर तिला वस्तरा लागू दिला नव्हता. आईने समजावलं, मी चिडले, सिस्टरने घड्याळ दाखवलं... बाबा ढिम्म.

शेवटी मी खाली गेले आणि बाकावर बसलेल्या आबाजींना, म्हणजे बाबांच्या वडिलांना, सगळं सांगितलं. ते आमच्या हट्टा गावाहून पहिल्या बसने आले होते. वय पंच्याऐंशी, हात असा की चहाची बशी धरली तरी चहा सांडतो. ते उठून जिना चढले.

"मी जिता आहो नं," ते बाबांना म्हणाले. "मंग मीच काढतो."

सिस्टरने ट्रिमर चालू करून त्यांच्या हातात दिला. बाबांनी डोळे मिटले. आबाजींचा हात एकदाही हलला नाही...

पुढचे चार तास कसे गेले, ते लिहीत नाही. देवाशी बरंच भांडले.

परवा आबाजी बाबांच्या खाटेशेजारी चहा पीत बसले होते. बाबा समोर खिडकीकडे बघत होते. मान न वळवता म्हणाले, "बाबूजी, चहा सांडून राह्यला."

फडकं आणायच्या निमित्ताने मी बाहेर पळाले आणि पोटभर रडले. डॉक्टरांना हात जोडून झाले होतेच... परत आले आणि आबाजींच्या पाया पडले.