कदम साहेबांची करिअर टेस्ट

आमच्या नायगावच्या वाचनालयात पुस्तकं हलत नाहीत, किस्से मात्र वाढत चाललेत. दोष कदम साहेबांचा. विमा कंपनीतून रिटायर झाले, घरात कोणी ऐकेना, म्हणून त्यांनी आमच्या दोन कॉम्प्युटरवर ‘करिअर कक्ष’ उघडायचं ठरवलं. इंटरनेटवर त्यांना एक फुकट टेस्ट सापडली होती. चाळीस प्रश्न, की करिअर तुमच्या हातात! मी इथला ग्रंथपाल, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद घालणारा.

*

आधी साहेबांनी स्वतःच टेस्ट दिली. निकाल आला, ‘इतरांना सल्ला देण्याची कामे आपण टाळावीत.’

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग मला म्हणाले, "मराठी भाषांतर गंडलंय."

दुसऱ्या दिवशी कक्षाचा बोर्ड लागला.

*

टेस्ट एकट्यानं द्यायची, असं पहिल्याच पानावर ठळक लिहिलंय. पण आमच्याकडे पोराला एकटं सोडतंय कोण? गोखिवऱ्याचे एक कारखानदार मुलाच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले. प्रश्न आला, ‘तुम्ही स्वतःचे निर्णय स्वतः घेता का?’

मुलानं वडिलांकडे पाहिलं.

वडील म्हणाले, "हो लिही."

निकालात नेतृत्वगुण उत्तम निघाले. वडील पेढे घेऊन आले, मुलगा आलाच नाही.

*

निर्मळच्या सॅव्हिओची घरची केळीची वाडी. त्याला साहेबांनी ‘शेतीतून करिअर’ नावाचा ऑनलाइन कोर्स लावून दिला. शिकवणारे सर टाय लावून, मागे केळीच्या बागेचा फोटो. झाडावर केळ्यांची टोकं वर वळतात, हे निर्मळात शेंबडं पोरही सांगेल. फोटोत ती सगळी जमिनीकडे! सॅव्हिओनं दाखवून दिलं, तर साहेब म्हणाले, फोटो सोड, कंटेंट बघ.

त्यानं निमूटपणे अर्धा तास कंटेंट बघितला. मग विचारलं, "सर, शेवटी सर्टिफिकेट मला मिळणार, की मी त्यांना द्यायचं?"

*

पाचूबंदरच्या हिराबाई मासे विकतात. मुलगी रेश्मा बारावी झालेली, तिला नर्सिंग करायचं होतं. हिराबाईंचं म्हणणं, शिक्षण पुरे, आता बाजारात बस. घरात रोज भांडणं. शेवटी मशीन सांगेल ते करायचं ठरलं आणि दोघी आमच्याकडे आल्या.

रेश्मा माऊसवर, हिराबाई मागे उभ्या. ती प्रश्न वाचायची आणि उत्तर मागून यायचं. अनोळखी माणसांशी बोलता येतं? येतं. घासाघीस जमते? हे काय विचारनं झालं? लोक तुमचं ऐकतात? न ऐकून जातील कुठं! रेश्मा खाली मान घालून क्लिक करत राहिली. साहेब कौतुकानं बघत होते. मीही तोंड उघडलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

निकाल आला, मॅनेजमेंट. साहेबांनी रंगवून सांगितलं. मोठं कॉलेज, मोठं ऑफिस, हाताखाली माणसं. वर रेश्माला म्हणाले, "नर्सिंग विसर, धंदा तुझ्या रक्तात आहे."

रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं. हिराबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे.

"सायब, उत्तरं कोनाची होती?"

साहेब चष्मा पुसायला लागले.

"मंग त्या मोठ्या कालेजचा फारम माजा भरा. आनि पोरीला परत बसवा, मी भाईर थांबते."