तात्यांनी राखून ठेवलेली सुपारी

तात्यांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एक ठराव खाल्ला.

दुपारचं जेवण आटोपून रेवदंड्याच्या आमच्या सासुरवाडीच्या पडवीत टेकलो होतो. तात्यांची वेताची खुर्ची शेजारीच होती, तिच्या रुंद हातावर त्यांचा पितळी अडकित्ता होता आणि अडकित्त्याशेजारी एक सुपारी. जेवणानंतर माझा हात सुपारीकडे जातो, डोकं मागाहून येतं. कातरली, तोंडात टाकली, चघळू लागलो. समोर झोपाळ्यावर बसलेले माझे सासरे, म्हणजे भाऊ, माझ्याकडे पाहत राहिले. झोपाळा थांबला. आतून माजघराच्या दारात काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, आल्या, त्यांच्यामागे मालू, माझी बायको. शेवटी भाऊ म्हणाले, "जावईबापू, तो सभेचा ठराव होता."

मी चघळायचं थांबलो. पण गिळून झालं होतं.

हे घर ज्यांना ठाऊक नाही त्यांना याचा अर्थ लागायचा नाही, म्हणून मुळापासून सांगतो. भाऊ थोरले, तात्या धाकटे. आमच्या मालूचे हे काका अलिबागच्या कोर्टात वकिली करत आणि रोज एस.टी.ने जाऊन-येऊन असत. भाऊ वाडी बघत, गावची भांडणं मिटवत आणि नवी लावून देत, आणि पुढे मुंबईच्या विधानसभेत आमदार झाले. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे आणि एका गोष्टीवरही एकमत होत नसे. देशाची राज्यघटना अमलात आली त्या हिवाळ्यात भाऊंनी जाहीर केलं की एकत्र घरालाही घटना पाहिजे. वयात आलेल्या प्रत्येकाला मत, बायकांनासुद्धा. बहुमताने ठरेल ते घराने पाळायचं.

"आणि बहुमत चुकलं तर?" तात्यांनी विचारलं.

"बहुमत चुकतं कसं?"

"तू निवडून येशील तेव्हा सांगेन."

मग सभेबरोबर न्यायालयही आलं. सभेची जागा झोपाळा. ज्याला बोलायचंय त्याने झोपाळ्यावर बसायचं, दुसऱ्या कोणीतरी एक झोका द्यायचा, आणि झोपाळा थांबेपर्यंतच भाषण. (पाय टेकवून मध्येच थांबायला मुभा होती, भाऊंनी ती कधी वापरली नाही.) ठराव मंजूर झाला की वाडीतली एक सुपारी तात्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवायची. न्यायालय म्हणजे तात्या. ठराव घटनेला धरून असेल तर ते सुपारी उचलून डब्यात टाकत. नसेल तर अडकित्त्याने तिचे तुकडे करत, आणि सबंध पडवीसमोर शांतपणे खाऊन टाकत. ठराव रद्द! घटनेचं मुख्य कलम त्यांनी स्वतः सांगितलेलं होतं: ज्याच्याबद्दल ठराव, त्याचं ऐकल्याशिवाय ठराव नाही.

काकूंचं दोन्ही संस्थांबद्दलचं मत सारखंच होतं. "यांचा निकाल काय नि भाऊजींचा ठराव काय, चूल मलाच फुंकायची आहे."

पहिली ठिणगी चहावरून पडली. साखर महाग म्हणून सभेने तिसऱ्या प्रहराचा चहा बंद केला. तात्यांनी सुपारी कातरली. चहा पिणाऱ्याचं, म्हणजे त्यांचं स्वतःचं, ऐकून घेतलं नव्हतं! भाऊ चिडले. त्याच सुमाराला दिल्लीच्या संसदेने घटनाच दुरुस्त केली आणि जमिनीचे काही कायदे एका परिशिष्टात नेऊन ठेवले, की कोर्टाने त्यांना हातच लावायचा नाही. वर्तमानपत्र वाचता वाचता भाऊंचा चेहरा उजळला. पुढच्या रविवारी तोच ठराव पुन्हा मंजूर झाला. पण या वेळी भाऊंनी सुपारी खुर्चीवर ठेवली नाही. ते आत गेले, देवघरात तांदळाची रास केली, तिच्यावर सुपारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं. झाला गणपती. बाहेर येऊन म्हणाले, "आता घाल अडकित्ता."

देवाला कोण कातरणार? तात्या तर देवघराचा उंबरा वर्षानुवर्षं न ओलांडलेले गृहस्थ. हरले. त्यानंतर ते तिसरा चहा अलिबागला, वकिलांच्या खोलीत पिऊन येत आणि पडवीत आल्यावर मिशा पुसत. भाऊंना ते दिसावं म्हणूनच पुसत.

इथवरचा खेळ गमतीचा होता. मग त्यात मी शिरलो.

माझी मावशी यांच्या शेजारच्या वाडीत राहायची आणि दर मे महिन्यात मी मुंबईहून तिच्याकडे पडीक असे. कुंपणाच्या अलीकडे मी, पलीकडे मालू. ती विसाची, गावच्या मुलींच्या शाळेत शिकवणारी. मी एका कचेरीत कारकून, राहायला भागीत एक खोली, छाती इतकी बारीक की शिंप्याने दोनदा माप घ्यावं. आणि भाऊंनी तिच्यासाठी श्रीवर्धनचं स्थळ आणलेलं. तिथल्या नावाजलेल्या रोठा सुपारीची मोठी वाडी, दोन विहिरी, मुलगा गोरा. सभा भरली. ठराव असा की मालूचं लग्न श्रीवर्धनला करावं. मंजूर झाला. मंजूर होताच भाऊ उठले आणि थेट देवघरात गेले.

मी तेव्हा कुठे होतो? विहिरीच्या काठावर. तात्यांशी बोलून बघावं म्हणून आलो होतो, पण पडवीत गर्दी बघून धीर झाला नाही. वर सुपारीच्या झाडावर धर्मा होता, त्यांचा गडी. तो पोफळीच्या शेंड्यावरून सगळं बघत होता आणि मला खाली वार्ता देत होता.

"भाऊ देवघरात गेलं."

"मग?"

"मंग काय? तुमचं काय खरं न्हाय."

पण मग तात्या खुर्चीतून उठले. न्हाणीत गेले. भर दुपारी अंघोळीचा आवाज ऐकून काकू बाहेर आल्या, तर तात्या सोवळं नेसून उभे. "देवघर कुठल्या बाजूला?" त्यांनी काकूंना विचारलं, आणि हे चेष्टेने विचारलं की खरंच, हे काकूंना आजही सांगता येत नाही. आत बसून त्यांनी त्या सुपारीच्या गणपतीची यथासांग पूजा केली. भाऊ दारात उभे राहून मंत्र चुकतात का बघत होते. एकही चुकला नाही. आणि पूजा झाल्यावर तात्यांनी तिचीच उत्तरपूजा केली, अक्षता टाकल्या, सुपारी उत्तरेकडे सरकवली, "पुनरागमनाय च" म्हटलं, आणि सुपारी मुठीत घेऊन पडवीत आले.

"भाऊ, देव गेले. आता ही कोण?"

भाऊंनी तात्यांच्या मुठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "सुपारी." चुलीचं भांडण असो की विधानसभेचं, भाऊ खोटं बोलत नसत. विधी बरोबर झाला होता.

सगळे अडकित्त्याकडे बघत होते. तात्यांनी तो उचललाच नाही. म्हणाले, "सभेचा ठराव मोडायची मला हौस नाही. तुम्ही पुष्कळ, मी एकटा. पण मालूला झोपाळ्यावर कोणी बसवलं?"

"तिला मत कुठाय अजून?" भाऊ म्हणाले. "एकवीस व्हायचीय."

"मत नाही. तोंड आहे ना?"

मालू झोपाळ्यावर बसली. तात्यांनी झोका दिला. ती काय बोलली ते मला विहिरीवरून शब्द न् शब्द ऐकू आलं, आणि बारा वर्षांत मी ते हवं तिथे, हवं नको तिथेही सांगत आलो आहे.

"श्रीवर्धनची वाडी चांगली आहे. पण मला वाडीशी लग्न करायचं नाही," ती म्हणाली. "ते विहिरीवर बसलेत ना... त्यांना काही येत नाही. पोहता येत नाही. रहाट हाकायला दिला तर बैल उलटा फिरला. मावशीकडून इथे येताना एकदा चौलला पोचले..."

वरून धर्मा खुसखुसला. मी पोफळीच्या आड सरकलो. पोफळीच्या आड मी मावतो.

"पण मी बोलायला लागले की ते मध्ये बोलत नाहीत. भाऊ, या घरात मला असं अजून कोणी भेटलं नाही."

एवढ्यात झोपाळा थांबला. नियमाप्रमाणे भाषण संपलं. पडवीत सगळे तसेच उभे... आणि भाऊंनी, माझ्याविरुद्ध मत दिलेल्या भाऊंनी, हात पुढे करून झोपाळ्याला दुसरा झोका दिला. घटनेत तशी तरतूद नव्हती. "बोल," ते म्हणाले. ती बोलली. त्यातलं पुढचं मी सांगत नाही, ते माझं एकट्याचं आहे. तो झोका संपल्यावर तात्यांनी सुपारी भाऊंच्या हातावर ठेवली. "मी रद्द करत नाही. ऐकून झालंय, आता सभेने पुन्हा विचार करावा." भाऊंनी अडकित्ता मागितला आणि सुपारी स्वतः कातरली. एक तुकडा तात्यांना दिला, आणि एक धर्माला झाडावरून खाली बोलावून त्याच्याबरोबर विहिरीवर माझ्याकडे पाठवला.

आमचं लग्न झालं. भाऊ मला 'फेरविचारातला जावई' म्हणत, तात्या म्हणत, "बैल उलटा फिरवणारा माणूस घरात एक तरी पाहिजे."

गेल्या साली उत्तरेकडच्या एका राज्यात विधानसभेने एका माणसाला हक्कभंगासाठी तुरुंगात टाकलं, हायकोर्टाने त्याला जामीन दिला, तर सभेने न्यायाधीशांनाच धरून आणायचा हुकूम काढला. देशभर खळबळ. आम्ही दोघं रेवदंड्याला गेलो होतो. तात्या तेव्हा आजारीच होते, दम लागे, तरी वर्तमानपत्राची एस.टी. आली की खुर्चीत येऊन बसत. भाऊ सभेच्या बाजूने, तात्या कोर्टाच्या, आणि दोघांचे आवाज पार बंदरापर्यंत. "लोकांनी निवडलेल्या सभेला जाब विचारणारे हे कोण?" "आणि तुरुंगातल्याचं ऐकणारं मग कोण?" काकूंनी डॉक्टरांची आठवण करून दिली तर तात्या म्हणाले, "अगं, औषधच घेतोय."

त्याच मुक्कामात सभेने ठराव केला की तात्यांना उपचारासाठी मुंबईला न्यावं. एकमताने. पहिल्यांदाच एकमत झालं होतं त्या घरात. भाऊंनी सुपारी खुर्चीच्या हातावर ठेवली. तात्यांनी ती बघितली, अडकित्त्याला हात लावला नाही, डब्यातही टाकली नाही.

"निकाल?" भाऊंनी विचारलं.

"राखून ठेवलाय."

"तुझ्याच खटल्यात तू न्यायाधीश कसा?"

"म्हणून तर देत नाही."

भाऊ हसले, आम्ही सगळे हसलो. अलिबागच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की मुंबईला नेऊन फार काही हाती लागायचं नाही. आणि तात्यांना सकाळी उठल्यावर पोफळी दिसायला हव्या होत्या. सुपारी तिथेच राहिली. महिने गेले. एका सकाळी पोफळी दिसत असताना, खुर्चीतच, तात्या गेले. आम्हाला तार आली तेव्हा मी दाढी अर्धी सोडून निघालो, लाँचवर कोणी हसलं नाही म्हणजे माझा चेहराच तसा असावा.

आणि तेरा दिवस भाऊ त्या सुपारीसमोर झोपाळ्यावर बसून होते. काकू सांगत होत्या, ते एकच वाक्य म्हणत: "मी ती देवघरात ठेवायला हवी होती." त्यांना ती उचलवत नव्हती, डब्यात टाकवत नव्हती, कातरणं तर दूरच. आणि चौदाव्या दिवशी जेवणावर मी ती खाल्ली.

"जावईबापू, तो सभेचा ठराव होता," असं म्हणून भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मी अडकित्ता हळूच खुर्चीच्या हातावर परत ठेवला. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. रडतही होते, पण हसणं मोठं होतं. "तात्या," ते रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "बघ तुझा जावई! बैल पुन्हा उलटा फिरवला." काकूही पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसून झाल्यावर भाऊ उठले, डब्यातून एक सुपारी काढली आणि खुर्चीच्या हातावर ठेवली. मी भीत भीत विचारलं, ही कुठल्या ठरावाची?

"कुठल्याच नाही. जागा मोकळी बरी दिसत नाही."

अजूनही ती तिथे असते. पाहुणा आला की भाऊ त्याला कातरून खायला लावतात आणि दुसरी ठेवतात.

परतताना रेवसहून लाँचमध्ये बसलो. मालू बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मी दिलगिरीची वाक्यं जुळवत होतो, पण ती बोलायला लागेल असं वाटलं, म्हणून गप्प राहिलो.

"त्या घरात इतकी शहाणी माणसं," ती म्हणाली, "पण ती सुपारी खायला तुम्हीच लागलात." मग थोड्या वेळाने, "पुढच्या वेळी मात्र आधी विचारा हं... किंवा नकोच. नका विचारू."